भाव न पडणारे शेत

मोठ्या शहरातील एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसून कंटाळलेला कर्मचारी टेबलाचा खण उघडतो. आत आजोबांनी मृत्युशय्येवरून दिलेले बंद पाकीट असते. त्यात दूरच्या खेड्यातील वडिलोपार्जित शेताचा वारसा मिळाल्याचे पत्र निघते. तो नोकरी सोडतो, बस पकडतो आणि तण, दगड व ओंडके यांनी भरलेल्या त्या पडीक जमिनीवर येऊन उभा राहतो. हाताशी कुऱ्हाड, टिकाव, कुदळ, विळा आणि झारी. खिशात पाचशे नाणी. आणि गावच्या महापौराने भेट दिलेल्या पंधरा बिया. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ या व्हिडिओ गेमचा आरंभ इतकाच आहे. त्यात बंदूक नाही, शर्यत नाही, शत्रूचे सैन्य नाही. शेताजवळच्या खाणीत काही राक्षस भेटतात, पण तिकडे फारसे न फिरकताही शेती उत्तम चालते. तरीही २६ फेब्रुवारी २०१६ रोजी बाजारात आलेल्या या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या. मोबाइलवर तो २०१८-१९ मध्ये आला आणि मग त्याला संगणकाचीही गरज उरली नाही.

नांगर कधी हाती न धरलेल्या माणसांना पडद्यावरची शेती का आवडावी, हा प्रश्न जुना आहे. उत्तर म्हणून बहुधा ‘मातीची ओढ’ पुढे केली जाते. ते उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे शोधायचे तर गोव्याच्या सीमेपलीकडे, बेळगाव आणि निपाणीच्या शिवारात जावे लागते.

आधी खेळाची कुळकथा. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने एकट्याने रचला. संगणकशास्त्राची पदवी मिळाली, पण मनासारखी नोकरी मिळेना. मग सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करीत त्याने सुमारे साडेचार वर्षे चित्रे, संगीत, संवाद आणि आज्ञावली असे सर्व काही स्वतः तयार केले. त्याच्यासमोर आदर्श होता ‘बोकुजो मोनोगातारी’ या जपानी खेळाचा. तो १९९६ मध्ये आला आणि जपानबाहेर ‘हार्वेस्ट मून’ या नावाने ओळखला गेला. त्याचा कर्ता यासुहिरो वाडा दक्षिण जपानमधील मियाझाकी प्रांतात वाढला. लहानपणी त्याला गावाचा कंटाळा होता. टोकियोत नोकरीला लागल्यावर मात्र तेच गाव हवेसे वाटू लागले आणि त्या हुरहुरीतून खेळ सुचला. म्हणजे या खेळप्रकाराचा उगम शेतकऱ्याच्या बांधावर नाही, गाव सोडून आलेल्याच्या भाड्याच्या खोलीत आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या सीमाभागातील तरुणाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खेळ हातातून सुटत नाही, त्यामागे रचनेचे काही साधे हिशेब आहेत. खेळातील दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो. प्रत्यक्षात ही वेळ सुमारे १४ मिनिटांची. ऋतू चार आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. शरीरात ताकद ठरावीकच असते, त्यामुळे आज तण काढायचे, पाणी घालायचे की नदीवर मासे धरायला जायचे, याची निवड करावी लागते. शिवाय खेळ जतन होतो तो फक्त अंथरुणावर पडल्यावर. झोपावे तर लगेच दुसरी सकाळ उजाडते, टीव्हीवर उद्याचे हवामान कळते, बटाट्याला आणखी दोनच दिवस उरलेले दिसतात, आणि ‘एवढा एक दिवस’ म्हणता म्हणता खऱ्या घड्याळात मध्यरात्र उलटते. पाणी घालायचे राहिले तर रोप मरत नाही, एक दिवस मागे पडते एवढेच. बुजगावणे नसेल तर कावळे थोडेफार खातात. ऋतू बदलला की उभे पीक वाळते, पण ऋतू कधी बदलणार हे दिनदर्शिकेवर आधीच लिहिलेले असते. चुकीला शिक्षा आहे, पण ती झेपेल इतकीच.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र घराच्या दाराशी असते. ती म्हणजे एक लाकडी पेटी. दिवसभरात काढलेला माल तीत टाकायचा आणि झोपायचे. सकाळी पैसे जमा झालेले असतात. पार्सनिप या गाजरासारख्या कंदाचे बी २० नाण्यांना मिळते, चार दिवसांत कंद तयार होतो आणि ३५ नाण्यांना जातो. बटाट्याचे बियाणे ५०, सहा दिवसांनी भाव ८०. फ्लॉवरचे बी ८०, बारा दिवसांनी भाव १७५. हे आकडे पहिल्या वर्षी जे असतात तेच पाचव्या वर्षी. दहा फ्लॉवर पेटीत टाकले काय आणि एक हजार टाकले काय, प्रत्येकाचे १७५ मिळणारच. माल चांगल्या प्रतीचा निघाला तर भाव वाढतो. पडत मात्र कधीच नाही. पेटीतला माल कोण नेतो, कुठे विकतो, त्याला काय मिळते, हे कुणी विचारत नाही.

फ्लॉवर आणि बटाटा ही दोन्ही बेळगाव तालुक्याची ओळखीची पिके. गोव्याच्या स्वयंपाकघरात येणाऱ्या भाजीचा मोठा वाटा याच पट्ट्यातून येतो. बेळगावच्या घाऊक बाजारात सौदे होतात, गाड्या भरतात, चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरून माल पणजी, म्हापसा, मडगावच्या मंडईत पोचतो. गोव्याच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीत मिळणारी भाजीही बरीचशी बेळगावहूनच येते. संध्याकाळी माल द्यावा आणि सकाळी तो दुसऱ्या राज्यात विकला जावा, हे वरवर पाहता खेळातील पेटीसारखेच. फरक मधल्या टप्प्यांत आहे. बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च आधी झालेला असतो. भाजी तोडल्यावर ती थांबत नाही. मिळेल त्या भावाला विकावीच लागते. त्यातून अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होऊन हाती पट्टी येते. सर्वांचीच कोबी एका आठवड्यात निघाली की भाव कोसळतो, आणि चोर्ला घाटात दरड आली की गोव्यात भाजी महागते; पण त्या महागाईतले बेळगावच्या बांधापर्यंत फार थोडे परत येते. सौदा नेमका कुठे व्हावा, सरकारी बाजार समितीच्या आवारात की खासगी बाजारात, यावरही बेळगावात २०२२ पासून वाद रंगला. पट्टीतील वजावट जमेपेक्षा जास्त झाली तर शेतकऱ्यालाच पदरचे पैसे भरावे लागतात. त्याला मराठीत ‘उलटी पट्टी’ म्हणतात. स्टार्ड्यूच्या जगात या शब्दाला जागाच नाही.

निपाणीकडे वळले की हिशेब आणखी लांबतो. पुणे-बंगळुरू महामार्गावरचे हे गाव बिडी तंबाखूच्या वखारींसाठी ओळखले जाते. वेदगंगा-दूधगंगेच्या परिसरातील काळ्या जमिनीत जूनच्या सुमारास तंबाखूचे तरू टाकतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याची लावण होते. पुढे शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात. ते पुन्हा पुन्हा मोडत राहायचे, कारण ते राहिले तर पानात कस उतरत नाही. हाताला चिकट चीक लागतो, त्याचा कडवटपणा साबणाने जात नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, मग रानातच उन्हात वाळवण. त्यात अवकाळी पावसाची एक सर आली तरी मालाचा रंग जातो आणि रंगाबरोबर भाव. म्हैसूरकडील सिगारेटच्या तंबाखूचा लिलाव केंद्राच्या तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली होतो. निपाणीच्या बिडी तंबाखूला तसे छत्र नाही. तरू टाकल्यापासून आठ-नऊ महिने राबल्यावर मालाला हात लावून, नाकाला लावून भाव सांगणारा असतो तो व्यापारी. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या आणि चाळणाऱ्या स्त्रियांची वेगळी कथा आहे. धुळीत, ठसक्यात, तुटपुंज्या मजुरीवर चालणारे ते काम आणि त्याविरुद्ध त्यांनी बांधलेली संघटना ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या माहितीपटात टिपून ठेवली आहे.

याच निपाणीत १९८१ साली जे घडले, ते शेतीच्या या खेळांचे आकर्षण उलगडण्यास कोणत्याही मानसशास्त्रीय सिद्धांतापेक्षा अधिक उपयोगी पडते. त्या घटनेचा नायक खुद्द स्टार्ड्यूच्या नायकासारखाच होता. शरद जोशी हे भारतीय टपाल सेवेतील अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात त्यांना मानाची, भरपूर पगाराची नोकरी होती. सत्तरच्या दशकात ती सोडून ते परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. टेबल सोडून बांधावर आलेला कर्मचारी तो हाच. खेळातील नायकाला दोन-तीन वर्षांत गोठा, कोंबड्यांचे खुराडे आणि दारूचे तळघर लाभते. जोशींना स्वतःच्या शेतीच्या हिशेबातून वेगळेच हाती लागले: कष्ट वाढवले, बियाणे सुधारले, पीक वाढले, तरी शेती तोट्यातच राहते, कारण भाव ठरवणे शेतकऱ्याच्या हाती नसते. त्या निष्कर्षातून शेतकरी संघटना उभी राहिली आणि ‘उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव’ हा तिचा एककलमी कार्यक्रम ठरला.

चाकणच्या कांद्यानंतर, नाशिकच्या उसानंतर ही चळवळ निपाणीच्या तंबाखूपर्यंत आली. मार्च १९८१ मध्ये हजारो तंबाखू उत्पादक महामार्गावर येऊन बसले. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारेही. ज्या भूभागात भाषेवरून दोन राज्ये भांडत होती, तिथे पानाच्या भावासाठी दोन्ही भाषांची माणसे एका रस्त्यावर चूल मांडून राहिली, ही गोष्ट सीमाप्रश्नाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. तीनेक आठवडे वाहतूक अडली. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी बळाचा वापर केला, गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. संघटनेची घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’.

घामाचे दाम. स्टार्ड्यू व्हॅली खेळणाऱ्याला रोज सकाळी जे मिळते ते नेमके हेच. त्यात माती आहे, ऋतू आहेत, पावसाचा आवाज आहे, गाईला हात लावला की तिच्या डोक्यावर उमटणारे बदामाचे चिन्ह आहे. पण हे सर्व वगळून निव्वळ हिशेब ठेवला तरी माणसे तो खेळतील, इतके त्या एका गोष्टीचे आकर्षण मोठे आहे. जेवढे पेरले तेवढे उगवते, जेवढे उगवले तेवढे विकते आणि जेवढे विकले तेवढे हाती पडते. कार्यालयात काम करणाऱ्यालाही हे सुख क्वचित मिळते. महिनाभर केलेल्या कामाचे नेमके काय झाले, हे त्यालाही दिसत नाही. म्हणून शहरी नोकरदार या खेळाकडे जसा ओढला जातो, तसाच शेतकऱ्याच्या घरातून आलेला मुलगाही ओढला जाऊ शकतो, आणि दोघांची कारणे फार निराळी नसतात. एकाला गाव हवे असते, दुसऱ्याला पट्टीची भीती नसलेले गाव.

शेतीचा प्रत्येक खेळ असा दिलासा देत नाही. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’ने काही काळ महिन्याला ८ कोटींहून अधिक खेळाडू गोळा केले. तिथे स्ट्रॉबेरी चार तासांत पिके आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जाई. म्हणून माणसे रात्री गजर लावून उठत. थांबायचे नसेल तर खरे पैसे मोजायचे आणि शेत वाढवायचे तर मित्रांना सतत निमंत्रणे पाठवायची. त्या काळात फेसबुकवर असलेल्या प्रत्येकाला कुणाच्या ना कुणाच्या हरवलेल्या गाईची सूचना आलेली आठवत असेल! ३१ डिसेंबर २०२० रोजी तो मूळ खेळ बंद झाला आणि त्याबद्दल फारसे कुणी हळहळले नाही. स्टार्ड्यू एकदा विकत घेतला की पुन्हा पैसे मागत नाही. नवी भर पडली तीही फुकट.

तिसरा प्रकार यंत्रप्रेमींचा. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ ही स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीची मालिका २००८ पासून चालू आहे. इथे कर्ज आहे, व्याज आहे, भावातली चढउतार आहे आणि उसाचे पीकसुद्धा आहे. एकदा लावलेला ऊस कापल्यावर पुन्हा फुटतो. ‘खोडवा’ हा शब्द खेळात नसला तरी खोडवा आहे. पण ऊसतोड टोळीची वाट पाहणे, कारखान्याच्या शेती कार्यालयात तोडीच्या तारखेसाठी खेटे घालणे, तोड लांबली म्हणून वजन आणि उतारा घटणे, यांतले काही नाही. कोणत्या ठिकाणी आज काय भाव आहे ते एका पडद्यावर दिसते. नाही पटला तर धान्य कोठारात ठेवून भाव चढेपर्यंत थांबता येते. बेळगाव हा कर्नाटकात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादकांनी टनाला ३,५०० रुपयांची मागणी करीत ठाण मांडले आणि अखेर सरकारच्या मध्यस्थीने ३,३०० रुपयांवर तोडगा निघाला. निपाणीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात प्रश्न तोच होता, फक्त पीक बदलले होते.

भावाचे बाजूला ठेवले तरी स्टार्ड्यूच्या गावात आणखी एक गोष्ट आहे, जी खऱ्या गावाकडून उसनी घेतल्यासारखी वाटते. तिथली तीसेक माणसे नावाने ओळखावी लागतात. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला काय आवडते, कोण शुक्रवारी संध्याकाळी गुत्त्यावर असतो, हे कळत जाते. उन्हाळ्यात समुद्रकिनारी सामुदायिक सूप शिजते, त्यात प्रत्येकाने आपल्या शेतातले काहीतरी टाकायचे. नासका जिन्नस टाकला तर सगळे गाव नाराज. कर्नाटकी बेंदराला किंवा यात्रेच्या गावजेवणाला राबलेल्या माणसाला यातला आनंद आणि धाक दोन्ही समजतील. २०१८ पासून मित्रांसह एकत्र शेत कसण्याची सोय आली. एकाने पाणी घालायचे, दुसऱ्याने खाणीत जायचे, तिसऱ्याने जनावरे पाहायची. निपाणी-बेळगाव भागात यालाच ‘पैरा’ म्हणत. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मजुरी रोखीने देण्याची रीत वाढली तसा पैरा आटला. पडद्यावर तो वेगवेगळ्या शहरांत राहणाऱ्या मित्रांमध्ये पुन्हा सुरू झाला, हा विनोद म्हणावा की दिलासा, ज्याचे त्याने ठरवावे.

असे खेळ शेतीबद्दल खोटी समजूत पसरवतात, हा आक्षेपही घेतला जातो. तो फारसा टिकत नाही. बुद्धिबळ खेळणारा स्वतःला सेनापती समजत नाही. मात्र खेळातून काय गाळले गेले, ते पाहण्यासारखे असते. स्टार्ड्यूत जमिनीचा वाद नाही. भाऊबंदकी नाही, मोजणी नाही, संपादनाची नोटीस नाही. बेळगावच्या वडगाव, शहापूर, अनगोळ शिवारात एकेकाळी घमघमणारा बेळगाव बासमती पिकत असे. आज त्याच शिवारातील शेतकरी हलगा-मच्छे बगलरस्त्याच्या भूसंपादनाविरुद्ध आणि दर पावसाळ्यात भात बुडवणाऱ्या बळ्ळारी नाल्याविरुद्ध झगडताना दिसतात. खेळात पूरही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगेने निपाणी परिसरातील शेती पाण्याखाली घातली आणि महामार्ग बंद पडला, तसा दिवस त्या २८ दिवसांच्या दिनदर्शिकेत येत नाही. आणि तंबाखू तर नाहीच. द्राक्षांची दारू आणि हॉप्सची बिअर गाळून श्रीमंत होण्याची पूर्ण मुभा देणाऱ्या या खेळात तंबाखूचे बी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

गाळलेले सर्व परत घातले तर खेळ कसा होईल, याचा प्रयोगही झालेला आहे. ‘थर्ड वर्ल्ड फार्मर’ नावाचा एक फुकट खेळ डेन्मार्कमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाला. त्यात आफ्रिकेतील एक गरीब कुटुंब आणि जमिनीचा छोटा तुकडा खेळाडूच्या हाती येतो. पीक निवडायचे, वर्ष पुढे ढकलायचे आणि काय झाले ते वाचायचे. कधी दुष्काळ, कधी रोगराई, कधी लूट, कधी मालाला भावच नाही. औषधाला पैसे ठेवले तर बियाण्याला उरत नाहीत. बियाणे घेतले तर घरातले कुणी आजारी पडते. विद्यार्थ्यांना दारिद्र्याचे चक्र समजावे म्हणून तो बनवला गेला आणि शाळांमधून वापरलाही गेला. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक खेळाडूंचे कुटुंब संपते. तो हरलेल्यांपैकी ‘एवढे एक वर्ष’ म्हणत मध्यरात्रीपर्यंत जागणारे फार नसावेत.